वाडग्यातलं पाणी

बाय, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. मला पुढची खुर्ची दिली होती. माइकही माझ्यापर्यंत आणला होता. मी हात हलवला आणि तो पुढे गेला. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. जे सांगायचं होतं ते सगळ्यांसमोर सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच.

आता तुझ्या आठवणींचं पुस्तक काढतायत. तुझ्या हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाने लिहायचं आहे. तू किती शिकलीस, कुठे कुठे भाषणं दिलीस, वालाच्या कोवळ्या दाण्यात काय कधी भरतं हे शोधण्यात किती वर्षं घातलीस, ते बाकीचे लिहितील. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला लिहायचं आहे ते आपल्या पहिल्या दोन हिवाळ्यांबद्दल. ते दोन हिवाळे वाया गेले असं तू मानून गेलीस, आणि का गेले ते तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पण सुरुवातीपासून सांगते.

सीवूड्स स्टेशनच्या बाहेर मी बिरडं घेऊन बसायचे. वाल भिजवून, मोड आणून, साली काढून. तुमच्या सोसायट्यांमधल्या बायकांना सोलायला वेळ नसतो, म्हणून ते विकलं जातं. तू पाव किलो घेतलंस आणि तिथेच उभी राहून पिशवी उघडून एकेक दाणा बघायला लागलीस.

"काय बगतेस? एक दाना किडका नाय," मी म्हणाले.

"किडका नाही बघत, मावशी. एकाचाही मोड तुटलेला नाही. कसं सोलता?"

"बोटांनी. अजून कशानी?"

"माझ्याकडे काम आहे. सोलायचंच. पण हिरवे दाणे, आणि याच्याहून लहान."

मला वाटलं, स्वयंपाकाला बाई हवी असेल. दुसऱ्या दिवशी तू मला तुर्भ्याला घेऊन गेलीस. एका बाजूला खोके बनवायचा कारखाना, दुसऱ्या बाजूला ट्रक उभे, आणि मध्ये तुझी प्रयोगशाळा. पांढरा कोट मला दिलास तो गुडघ्याखाली यायचा. मी तुला "तू" म्हणाले तर ऑफिसातली एक मुलगी दचकली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडमना तुम्ही म्हणा." तू ते ऐकलंस. "म्हणू दे गं. यांच्या गावात सगळ्यांना तू म्हणतात," असं सांगून आत गेलीस. स्वतः मात्र मला शेवटपर्यंत "तुम्ही" म्हणालीस.

काम मला पहिल्या आठवड्यात कळलं. उरणच्या बाजूला तू शेताचा एक तुकडा घेतला होतास. भात निघालं की त्यात वाल. ज्या दिवशी फूल उमलेल त्या दिवशी त्याच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा. सोमवारचा लाल, मंगळवारचा पिवळा, असं. मग दहा दिवसांची शेंग, पंधरा दिवसांची, वीस, पंचवीस दिवसांची, धागा बघून तोडायची, तुर्भ्याला आणायची आणि दाणा फोडायचा. साल एका बाटलीत, डाळ दुसऱ्या बाटलीत, आणि दोन डाळींच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढा कोंब असतो तो तिसऱ्या बाटलीत. बाटल्या माझ्या करंगळीएवढ्या. त्या लगेच धूर येणाऱ्या थंड भांड्यात टाकायच्या. मी त्याला पाणी म्हणाले तर तू म्हणालीस, "पाणी नाही मावशी, हवाच आहे, थंड करून पातळ केलेली. हात घालू नका, बोट गळून पडेल." मी कधी घातला नाही.

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. दिवस किती, साल का डाळ का कोंब, आणि शेवटी ज्याने सोललं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. माझं 'य', यमुनेचं. मी म्हणाले, माझं अक्षर कशाला? तू म्हणालीस, "ज्याचा हात, त्याचं नाव. असा नियम आहे." माझं नाव रेशनकार्डावर आहे आणि मतदारांच्या यादीत आहे. कामावर लिहिलेलं ते पहिलंच. मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

आणि एकदा दुपारी डबा खाताना तू मला सांगितलंस की साल आईची असते आणि डाळ बाळाची. म्हणजे साल जुन्या झाडाच्या अंगाचीच, आतली डाळ आणि कोंब हे नवीन झाड. आई साखर आणून सालीत साठवते, मग बाळ ती ओढून घेतं आणि साल पातळ होऊन कोरडी पडते. हे सांगताना तुझे डोळे चमकत होते. मला चार मुलं झाली, मला त्यात काही नवल वाटलं नाही. पण आई कितव्या दिवशी किती देते, हे कुणी मोजत बसलंय याचं मात्र नवल वाटलं.

तुझा प्रश्न तेवढाच होता. आणि मशीनने पहिल्या हिवाळ्यात उत्तर दिलं की सालीत काही नाही. दहाव्या दिवशी नाही, पंधराव्या दिवशी नाही. डाळ मात्र भरत होती.

"मग येते कुठून?" तू विचारायचीस. मला, भिंतीला, रुखसारला. "सालीतली साखर गेली कुठे?"

रुखसार म्हणजे उरणची मुलगी, तुझ्याकडे डॉक्टरेट करत होती. मशीन तीच चालवायची. बाटलीतलं कुटून, गाळून, मशीनला घालून आकडे काढायचे हे तिचं काम. सरळ, कमी बोलणारी. माझ्यासाठी खुर्चीखाली पाट तिनेच आणून ठेवला होता.

आपलं भांडण तिथून सुरू झालं.

"साल गोड हाय, बाय," मी म्हणाले. "नावाचा कडवा वाल, पन कवली साल गोड. मडक्यात पोपटी लावायला शेंगा काडायचो तवा आमी पोरी साली चगलायचो."

"मावशी, जीभ हा पुरावा नाही."

"मंग माजी जीब खोटी?"

"खोटी नाही. पण तिचा आकडा येत नाही."

"आनि तुज्या मशीनला जीब नाय. तिचा काय भरवसा?"

रुखसार मास्कच्या आत हसली. तू चिडलीस. तू चिडलीस की चष्मा काढून पुसायचीस, पुसलेलाच.

एकदा शेतात मी तुला साल सोलून दिली. तू इकडेतिकडे बघून ती तोंडात टाकलीस. "गोड आहे हो," म्हणालीस. परत निघालो, उरण मागे पडलं, कंटेनरच्या गाड्यांत आपण अर्धा तास अडकलो, आणि तेव्हा तू म्हणालीस, "पण मशीन नाही म्हणतं." तुझी तीच खोड होती. स्वतःच्या तोंडावर विश्वास नाही, आकड्यावर आहे. मला राग यायचा. आता वाटतं, बरोबर तूच होतीस. आकडा खोटा बोलत नव्हता. माझ्या बाटलीत जे होतं तेच तो सांगत होता.

दुसरा हिवाळा. पुन्हा धागे, पुन्हा बाटल्या, पुन्हा सालीत काही नाही. तू ते लिहून छापायला बाहेर पाठवलंस. तिकडच्या लोकांनी परत पाठवलं. असं होऊच शकत नाही, तपासून बघा म्हणाले.

तिसऱ्या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकून काम करायचं नाही. तेव्हा सोलायला रुखसार बसली. तिचं सोलणं म्हणजे आनंदच. अर्ध्या साली फाटलेल्या, डाळीला नखं लागलेली. पण आकडे आले आणि सालीत साखरच साखर. दहाव्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरत उतरत पंचविसाव्याला संपली. तू म्हणत होतीस अगदी तसं. आईने आणलं, बाळाने नेलं.

तू मला बोलावणं पाठवलंस. मी काळा चष्मा लावून आले.

"मावशी, तुम्ही जिंकलात," तू म्हणालीस. "साल गोड आहे."

आणि तशीच रुखसारकडे वळलीस. "म्हणजे दोन वर्षं मशीन नीट लावलंच नव्हतंस तू."

"मॅडम, मी दर वेळी मोजून साखर घालून मशीन तपासलं होतं. बरोबर दाखवत होतं."

"मग काय माझ्या साली खोटं बोलत होत्या?"

त्याचं उत्तर तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. मी जिंकल्याच्या आनंदात होते.

माहीत झालं दुसऱ्या दिवशी घरी. सुनेने कोवळ्या शेंगा आणल्या होत्या. मी दाणे सोलत होते. साल निघाली की समोरच्या स्टीलच्या वाडग्यातल्या पाण्यात टाकत होते, हाताच्या सवयीने. घरी साली फेकायच्या असतात, त्या पाण्यात कशाला? ही सवय घरची नव्हती. ती तुर्भ्याची होती. मी थांबले. वाडगा उचलून एक घोट घेतला.

पाणी गोड होतं. फार नाही. पण होतं.

आता तुला सांगते ते नीट ऐक. पहिल्याच महिन्यात तू भिंगाखाली माझी एक साल बघितलीस आणि ओरडलीस. तिला आतून डाळीचा कण चिकटला होता. "साल म्हणजे फक्त साल, मावशी. एकदम स्वच्छ पाहिजे." तू स्वच्छ म्हणालीस आणि मी माझ्या समजुतीने स्वच्छ केलं. मागच्या खोलीत मोरीजवळ बसायचे मी. एक वाडगा पाणी घेतलं. दहा साली त्यात टाकायच्या, पुढचे दहा दाणे सोलून होईपर्यंत त्या भिजायच्या, मग खळबळून, फडक्यावर टिपून, बाटलीत. डाळीला आणि कोंबाला ते करावं लागत नव्हतं, ते मुळात स्वच्छ निघायचे. पुढच्या वेळी तू भिंग लावलंस आणि म्हणालीस, "हे असं पाहिजे!" तू खूश झालीस. मग मी दोन हिवाळे तेच केलं. साखर पाण्यात विरघळते हे मला माहीत नव्हतं का? चहा करते मी रोज. पण सालीतली साखर आणि डब्यातली साखर एकच, हे डोक्यात आलं नाही.

इथवरची चूक अडाणीपणाची. तिची मला लाज नाही. पुढची आहे.

ते पाणी चाखल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवूनच आले होते. तू दारातच भेटलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "या. मावशींची जीभ मशीनपेक्षा खरी निघाली." सगळे हसले. टाळ्या वाजवल्या कुणी. मी बसले. चहा घेतला. काम जाईल याची भीती नव्हती. तू काढलं नसतंस. मी जिंकले होते आणि ते मला सोडायचं नव्हतं. कारण तेवढंच होतं.

रुखसार समोर बसली होती. चहा घेतला नाही तिने.

दोन महिन्यांनी ती गेली. तुर्भ्यातच पुढच्या गल्लीत एक कंपनी आहे, मसाल्यात भेसळ आहे का ते तपासतात, तिथे लागली. डॉक्टरेट राहिली. चौथ्या हिवाळ्यात मी पुन्हा सोलायला बसले, आणि तेव्हा वाडगा घेतला नाही. कणाला ब्रश वापरला. 'य' लिहिलेल्या बाटल्याही गोड निघाल्या. तुझी खात्री पटली की दोष मशीनचा आणि रुखसारचाच होता. म्हणजे मी नुसती गप्प राहिले नाही. मी मागचं पुसून टाकलं.

याच्यावर मी फार विचार केला आहे, बाय. तुझ्या वहीत सगळं होतं. पहिली दोन वर्षं 'य', तिसऱ्या वर्षी 'रु', आणि त्याच वर्षी आकडा बदलला. दहावीच्या मुलाला दिसलं असतं. तू पावसावर शंका घेतलीस, बियाण्यावर घेतलीस, मशीनवर घेतलीस, रुखसारवर घेतलीस. माझ्या अक्षरावर घेतली नाहीस. इतकी हुशार बाई, आणि एका हातावर एवढा विश्वास. मला त्याचा राग येतो. तू एकदा विचारलं असतंस, "मावशी, तुम्ही मागे बसून नक्की काय काय करता?" तर मी सांगितलं असतं. विचारलंस तर मी खोटं बोलले नसते. तू विचारलं नाहीस म्हणून मी गप्प राहिले, असं म्हणून मी तुझ्या गळ्यात टाकते आहे, ते मलाही कळतं.

तुझ्या घरी शेवटची आले तेव्हा तू उशांना टेकून बसली होतीस. मी बिरडं आणलं होतं, शिजवून, मऊ. तू चार दाणे खाल्लेस. खिडकीकडे बघत म्हणालीस, "रुखसारला मी फार बोलले का हो, मावशी?"

"बोललीस," मी म्हणाले.

"एकदा फोन करायला हवा तिला."

"कर."

तिथे आणखी एक वाक्य पुरलं असतं. मी डब्याला झाकण लावलं.

आठ दिवसांनी तू गेलीस. फोन केला नव्हतास, मी नंतर रुखसारला विचारलं.

शोकसभेत सर बोलले, तुझी जागा आता ते सांभाळतात. चांगलं बोलले. मध्ये म्हणाले की दुर्दैवाने पहिल्या दोन वर्षांचे आकडे मशीनमधल्या दोषामुळे बाद करावे लागले. आणि खाली उतरल्यावर कुणाला तरी सांगत होते, त्या वर्षांच्या उरलेल्या बाटल्या शनिवारी काढून टाकू, फ्रीजरमध्ये जागा होईल. बाटल्या सगळ्या. साली, डाळी, कोंब. माझ्या बोटांनी काढलेले कोंब, एकही न मोडलेला.

मी दुसऱ्या दिवशी रुखसारच्या कंपनीच्या गेटवर जाऊन बसले. ती दुपारी बाहेर आली. मला बघून आधी हसली, मग तुझं आठवून तिने हसू आवरलं.

मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या. मागून ट्रक जात होते, मला दोन वाक्यं परत सांगावी लागली.

ती म्हणाली, "मावशी, मी अब्बांना सांगितलं होतं की चूक माझीच झाली. आधी मानत नव्हते. मग मानायला लागले. मला रात्रंदिवस वाटायचं, मी नक्की काय चुकवलं."

"तू काय नाय चुकवलं."

"मॅडमना सांगायचं होतंत."

"हां."

"मॅडमना सांगायचं होतंत, मावशी!" ती ओरडली. गेटवरचा वॉचमन बघायला लागला. मग एकदम तिचा चेहराच बदलला. "थांबा. डाळ? कोंब? तेही धुतलंत?"

"नाय. फकस्त साली."

"नक्की?"

"तुज्या गल्याची शपत."

"शपथ नको. नक्की का?"

"नक्की."

"मग डाळ चांगली आहे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशी. "दोन वर्षांची डाळ चांगली आहे. कोंब चांगले आहेत. मशीन चांगलं होतं." आणि फोन काढून तिने सरांना लावला. बोलून झाल्यावर मला म्हणाली, "तुमच्याशी मी नंतर बोलेन." अजून बोललेली नाही. कामापुरतं बोलते. ते ठीक आहे. मला घाई नाही, आणि माफी मिळाली नाही तरी मी काही म्हणणार नाही.

बाटल्या शनिवारी टाकल्या नाहीत. रुखसारने रजा काढली. उरणहून पंधरा दिवसांच्या शेंगा आणल्या, धागा बघून. मला मागच्या खोलीत मोरीजवळ बसवलं, तुझ्याच भिंगाचा दिवा लावला आणि विचारलं, "किती पाणी घ्यायचात? वाडगा केवढा? साली किती वेळ राहायच्या?" मी वाडगा घरून नेला होता. दहा साली तशाच बाटलीत गेल्या. दहा मी पाण्यात टाकल्या, पुढचे दहा दाणे सोलले, खळबळल्या, फडक्यावर टिपल्या, बाटलीत भरल्या. वाडगा उचलून मी मोरीकडे वळले, तर तिने माझं मनगट धरलं.

"ते पाणी द्या इकडे."

तिने तेही बाटलीत भरलं. चिठ्ठी लावली. दिवस पंधरा. पुढे साल नाही, डाळ नाही. लिहिलं, 'वाडगा'. आणि शेवटी 'य'.

काल आकडे आले. न धुतलेल्या सालीत साखर होती, भरपूर. धुतलेल्या सालीत जवळजवळ काही नाही, पहिल्या दोन हिवाळ्यांत यायचं तसंच. आणि पाण्याच्या बाटलीत उरलेली सगळी. रुखसारने कागद माझ्यासमोर ठेवला, बोट लावून तीन ओळी दाखवल्या आणि तुझ्या खुर्चीकडे बघून बाहेर गेली. सरांनी सांगितलंय, डाळीचे आकडे आता धरणार, तिच्या नावाने, आणि तिची डॉक्टरेट पुन्हा सुरू करता येईल का ते बघणार. हे छापलेलं असावं म्हणून मी इथे लिहिलं. तिच्यावर कुणी पुन्हा बोट ठेवलं तर तिने हे पान उघडून दाखवावं.

तू दोन हिवाळे विचारत होतीस ना, सालीतली साखर गेली कुठे? माझ्या वाडग्यात होती, बाय. मी रोज संध्याकाळी ती मोरीत ओतून घरी जात होते.